क्रिओल पद्धतीचं मंद आचेवरचं मटण, कोल्हापूरच्या चुलीवर

कोल्हापुरात मटण करायचं ठरलं की पहिला हात मसाल्याच्या डब्याकडे जातो. या पदार्थात मसाला सगळ्यात शेवटी येतो, तोही मोजका. चव तयार होते ती तेलात परतलेल्या मैद्यातून, मटणाच्या हाडांतून आणि अडीच तासांच्या मंद आचेतून. कांदा-लसूण मसाल्याला इथे जागा आहे, पण ती पातेल्याच्या तळाशी नाही, ताटात वाढताना वर सोडायच्या कटात आहे. एवढी एक गोष्ट पाळली तर बाकीचं सगळं आपल्या हाताच्या सवयीतलंच आहे.

क्रिओल स्वयंपाक हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्याचा, त्यातही न्यू ऑर्लिन्स शहराचा. हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं, पुढे काही दशकं ते स्पेनच्या ताब्यात होतं आणि १८०३ मध्ये अमेरिकेकडे आलं. फ्रेंच आणि स्पॅनिश घरांची पद्धत, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा हात आणि तिथल्या मूळ रहिवाशांची माहिती यांतून हा स्वयंपाक घडला. त्यांच्याकडच्या ‘गंबो’ या दाट रश्शाचं नावच आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलं आहे. आपल्याशी एक साम्य भेंडीचं, दुसरं उसाचं. लुइझियानातही ऊस पिकतो आणि त्याचा पाक स्वयंपाकात वापरतात. आपल्याकडे त्याच जागी गुऱ्हाळावरची काकवी आहे, आणि या पदार्थात ती अगदी चपखल बसते.

तिकडे हे स्ट्यू बीफचं करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, शिवाय कोल्हापूरचा हात मटणावरच बसलेला आहे. म्हणून इथे सगळी मापं आणि वेळा मटणाच्या धरल्या आहेत.

साहित्य (६ माणसांसाठी)

मटण: फऱ्याचे मोठे तुकडे १ किलो, मानेचे अर्धा किलो
अळणीसाठी (हाडं उकळून काढलेलं बिनमिठाचं पाणी): नळ्या आणि हाडं ५०० ग्रॅम
मीठ: मटणाला १५ ग्रॅम (चहाचे सपाट अडीच चमचे), बाकी शेवटी चवीप्रमाणे
रिफाइंड शेंगतेल: रूसाठी (तेलात परतलेल्या मैद्यासाठी) ९० मिली, मटण भाजायला ३ मोठे चमचे, भेंडीला २ मोठे चमचे
मैदा: ८० ग्रॅम
कांदे: ३ मध्यम (३०० ग्रॅम)
ढोबळी मिरची: २ (१५० ग्रॅम)
सेलरी: ३ दांडे (१०० ग्रॅम)
लसूण: १५ पाकळ्या
टोमॅटो: ४०० ग्रॅम
ब्याडगी मिरचीची पूड: २ चमचे, आणि कटासाठी आणखी अर्धा
लवंगी मिरचीची पूड: पाव चमचा
मिरपूड: दीड चमचा
वाळलेला थाइम: १ चमचा, किंवा चुरडलेला ओवा पाव चमचा
तमालपत्र: १
काकवी: १ मोठा चमचा
व्हिनेगर: १ मोठा चमचा
भेंडी: २०० ग्रॅम
कांदा-लसूण मसाला: दीड चमचा, फक्त कटासाठी
कांद्याची पात: मूठभर

चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा. मोठा चमचा १५ मिलीचा. रूच्या तेल-मैद्याचं माप मात्र अंदाजाने घेऊ नका, मैदा वजनकाट्यावर आणि तेल मिलीच्या मापानेच घ्या.

काय कुठे बदलता येतं

सेलरी मोठ्या दुकानांत मिळते, पण रोज मिळेलच असं नाही. नसेल तर कोथिंबिरीचे जाड देठ वाटीभर बारीक चिरून घ्या. वास वेगळा येतो, हे मान्य करूनच घ्या. पण हिरवा, किंचित कडसर ओलावा हवा असतो, ते काम देठ करतात.

थाइमच्या जागी ओवा का चालतो, तर दोघांत वास देणारं मुख्य द्रव्य थायमॉल हेच आहे. ओव्यात ते जास्त उग्र लागतं, म्हणून माप एकास पाव. अर्धा चमचा घातलात तर पातेल्याला भज्यांच्या पिठाचा वास येईल.

तमालपत्राची गडबड बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परदेशी पाककृतीत लिहिलेलं ‘बे लीफ’ हे वेगळ्याच झाडाचं पान आहे. त्याला मधोमध एकच शीर असते. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. पाककृतीत तीन पानं लिहिली म्हणून आपली तीन घातली तर पदार्थ बिर्याणीसारखा लागतो. एकच घाला आणि तासाभराने काढून टाका.

काकवी नसेल तर तेवढाच किसलेला गूळ. साखर नको, साखरेत नुसती गोडी असते, काकवीतली खोली नसते.

मटण: कोणतं आणि कधी आणायचं

फरा, म्हणजे पुढच्या पायाचा खांदा, आणि मान. चालून-चरून राबलेले हे भाग. त्यांत स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे धागे आणि पडदे भरपूर असतात. हेच धागे मंद आचेवर तास-दोन तासांत वितळून जिलेटिन होतात आणि रश्शाला ओठांना चिकटणारी दाटी येते. मांडीचं मटण दिसायला देखणं, पण त्यात हे धागे कमी असतात. तासाभरानंतर ते शिजण्याऐवजी सुकायला लागतं. नुसत्या मांडीचं हे स्ट्यू करू नका.

खाटकाला आधीच सांगा: तुकडे मोठे हवेत, साधारण ५ सेंटिमीटरचे, ५० ते ६० ग्रॅमचे. तांबड्या रश्शासाठी पाडतात तसे लहान तुकडे अडीच तासांत मोडून त्यांचा चिवडा होतो. कोवळ्या पालव्याचं मटण मिळालं तर उत्तम, पण मग वेळ अर्ध्या तासाने कमी धरा. जून बकऱ्याचं असेल तर पाऊण तास जास्त.

रविवारी सकाळी आणून लगेच पातेल्यात टाकायची आपली सवय इथे अडचणीची ठरते. जनावर कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि हा ताठरपणा सैल व्हायला वेळ लागतो. त्या अवस्थेत शिजवलेलं मटण कितीही उकळलं तरी चिवट राहतं. शनिवारी आणा, कोरडं पुसा, १५ ग्रॅम मीठ चोळा आणि उघड्या ताटात फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. मीठ आतपर्यंत मुरतं आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होतो. भाजताना या कोरडेपणाचा मोठा उपयोग आहे. मटण धुवायचं असेल तर मीठ लावण्याआधी धुवा, नंतर नाही.

भांडी आणि आच

दोन भांडी लागतात. मटण भाजायला बिडाची कढई आणि मुख्य पदार्थाला ५ ते ६ लिटरचं, जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं स्टीलचं पातेलं. सगळंच बिडात करावंसं वाटेल, पण टोमॅटो आणि व्हिनेगर घातलेला रस्सा त्यात अडीच तास शिजला की लोखंडाची चव उतरते आणि कढईचा मुरलेला थरही निघतो. साध्या जर्मनच्या पातेल्यातही आंबट पदार्थ इतका वेळ ठेवू नये.

गॅसची लहान शेगडी सगळ्यात बारीक केली तरी बऱ्याचदा आच जास्तच असते. तेव्हा पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा. आच पसरते आणि तळाला लागत नाही. पातेल्यात दर दोन-तीन सेकंदांनी एखादाच बुडबुडा वर येऊन फुटावा, एवढी आच हवी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे पाणी ९८ अंशांना उकळतं आणि आपल्याला ८५ ते ९५ च्या मध्ये राहायचं आहे. खळखळ उकळी आली की स्नायू आकसतात, आतला रस पिळून बाहेर येतो आणि चरबी रश्शात घुसळली जाते. मग रस्सा गढूळ आणि तेलकट लागतो.

ओव्हन असेल तर १५० अंशांवर झाकण लावून ठेवा. चुलीवर करणार असाल तर जाळ काढून निखाऱ्यावर ठेवा आणि झाकणाच्या कडेला कणीक लावा.

अळणी

इथे आपलीच पद्धत सगळ्यात चांगली आहे. ५०० ग्रॅम नळ्या आणि हाडं, १ कांदा अर्धा चिरून, ५ मिरे, आणि २ लिटर पाणी. हळद नको, आलं नको, मीठही नको. हळदीने रूचा तपकिरी रंग हिरवट-पिवळा दिसतो आणि मीठ घातलं तर रस्सा आटताना खारट होत जातो. पहिल्या उकळीला वर आलेला फेस काढा आणि बारीक आचेवर दीड तास ठेवा. गाळून साधारण सव्वा ते दीड लिटर अळणी मिळायला हवी. घाई असेल तर कुकरमध्ये ४० मिनिटं, त्यासाठी पाणी दीड लिटर पुरे.

यातली वाटीभर बाजूला काढून ठेवा. शेवटी रस्सा दाट झाला किंवा खारट झाला तर हीच कामाला येते.

मटण भाजणं

मटण फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. ब्याडगी पूड २ चमचे, लवंगी पाव चमचा, मिरपूड १ चमचा आणि थाइम एकत्र करा, पण हे मिश्रण आत्ता मटणाला लावू नका. बहुतेक पाककृती आधीच लावायला सांगतात. मिरचीची पूड कडक तापलेल्या बिडावर अर्ध्या मिनिटात जळते आणि मग शेवटपर्यंत कडवटपणा जात नाही. ती भाज्यांबरोबर जाईल.

कढईत ३ मोठे चमचे तेल कडक तापवा. एका वेळी पाच-सहाच तुकडे, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. ठेवले की तीन मिनिटं हलवायचे नाहीत. तुकडा सहज सुटला तर खालून तपकिरी झालाय, चिकटून बसला असेल तर अजून वेळ आहे. दोन-तीन बाजू अशा भाजून घ्या. सगळं मटण एकदम टाकलं तर कढई थंड पडते, मटणाला पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यात उकडतं. राखाडी रंगाच्या तुकड्यांना पुढे कितीही शिजवलं तरी भाजल्याची चव येत नाही. दीड किलोला चार-पाच खेपा आणि अर्धा तास धरा.

शेवटी कढईच्या तळाला खरपूस तपकिरी थर राहतो. त्यात दोन वाट्या गरम अळणी घालून उलथण्याने खरवडा आणि ते पाणी ठेवून द्या, नंतर ते पातेल्यात जाणार आहे. थर काळा झाला असेल तर मात्र टाकून द्या. मन घट्ट करून टाका.

रू: पस्तीस मिनिटं जागचं हलायचं नाही

रू म्हणजे चरबीत परतलेला मैदा. फ्रेंचांकडे तो बहुधा फिकटच ठेवतात, लुइझियानात तो चॉकलेटी होईपर्यंत परततात. ज्यांनी बेसनाच्या लाडवांसाठी बेसन भाजलं आहे त्यांना निम्मं काम येतंच. हाताची लय तीच आणि नाकाने ओळखायची सवयही तीच. फक्त थांबायचं खूप पुढे.

पातेल्यात ९० मिली रिफाइंड शेंगतेल मध्यम आचेवर तापवा. घाण्याचं तेल चवीला चांगलं असलं तरी इथे नको, ते लवकर धुरावतं आणि रू कडू होतो. लोणीही नको, त्यातला दुधाचा अंश करपतो. मैदा दोन-तीन वेळा घालून गुठळ्या मोडा. कणीक चालत नाही, तिच्यातला कोंडा मैद्याच्या आधी जळतो.

मग आच मध्यमपेक्षा कमी करा आणि सपाट टोकाच्या लाकडी उलथण्याने तळ आणि कडा सतत खरवडत राहा. पहिली पाच-सात मिनिटं फेस येतो आणि कच्च्या पिठाचा वास राहतो. पंधराव्या मिनिटाच्या आसपास रंग बेसनाच्या लाडवासारखा होतो आणि लाह्यांसारखा वास सुटतो. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग आणि वास. तिसाव्यानंतर मिश्रण सैल पडतं, चकाकायला लागतं आणि रंग सेंद्रिय गुळाच्या ढेपेसारखा काळपट तांबूस होतो. मटणासाठी इथेच थांबायचं. यापुढचा, कॉफीसारखा काळा रू गंबोला शोभतो. इथे तो मटणाची चव झाकून टाकतो.

रंग जितका गडद तितकी दाटी कमी, हे ध्यानात ठेवा. उष्णतेने पिठातला स्टार्च तुटत जातो आणि त्याची पाणी धरायची ताकद घटते. म्हणून सव्वा लिटर रश्शाला ८० ग्रॅम मैदा घेतला आहे. फिकट रूला याच्या निम्म्याने भागलं असतं.

रूत काळे ठिपके दिसले तर तो जळला. चाळून, तेल वाढवून, पाणी घालून तो सुधारत नाही. ८० ग्रॅम मैद्यासाठी दीड किलो मटण पणाला लावू नका, पातेलं घासा आणि पुन्हा सुरुवात करा. ठिपके बहुधा दोन कारणांनी येतात: आच मोठी होती, किंवा फोन आला म्हणून हात अर्धा मिनिट थांबला. आणखी एक कारण म्हणजे मटण भाजलेल्या त्याच भांड्यात रू केला आणि तळाचा खरपूस थर जळून वर आला. दोन भांडी सांगितली ती यासाठीच.

गरम रू अंगावर उडाला तर तेलापेक्षा वाईट भाजतो, कारण तो चिकटून बसतो. या वेळात लहान मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका आणि चव बघायला बोट घालू नका.

कांदा, ढोबळी मिरची, सेलरी

या तिघांना तिकडे एवढा मान आहे की ख्रिस्ती धर्मातल्या त्रिमूर्तीचं नाव दिलंय. फ्रेंच पद्धतीत कांदा, सेलरी आणि गाजर असतं. लुइझियानात गाजराच्या जागी ढोबळी मिरची आली. तिन्ही सारख्या आकारात, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या बारीक चिरून आधीच तयार हव्यात. रू हवा त्या रंगाला आला की पहिल्यांदा फक्त कांदा घाला. चर्रकन आवाज होईल आणि वाफ उठेल, तोंड बाजूला ठेवा. कांद्यातल्या पाण्याने रूचं पुढे भाजलं जाणं थांबतं. भाज्या चिरायच्या राहिल्या असतील तर त्या दोन मिनिटांत रू हातचा जातो.

कांदा पाच मिनिटं परता, मग ढोबळी मिरची आणि सेलरी, आणखी आठ मिनिटं. लसूण ठेचून घाला, एक मिनिट. आता मिरची-मिरपूड-थाइमचं मिश्रण, अर्धा मिनिट. मग टोमॅटो. त्यांची साल काढलेली हवी, नाहीतर सालीच्या सुरळ्या रश्शात फिरतात. टोमॅटोचं पाणी आटून कडेला तेल दिसेपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटं परता. हे अर्धवट सोडलं तर शेवटपर्यंत कच्चा आंबटपणा राहतो आणि मग माणूस काकवीवर काकवी ओतत बसतो.

ढोबळी मिरची बघून आपल्याकडे अनेकांचा हात हिरव्या मिरचीकडे जातो. नको. हिरवी मिरची तासन्‌तास शिजली की तिखटपणा राहतो आणि वास निघून जातो.

अडीच तास

गरम अळणी पळी-पळीने घाला आणि प्रत्येक वेळी ढवळून एकजीव करा. एकदम ओतली तर गुठळ्या होतात. कढईतलं खरवडलेलं पाणी, तमालपत्र आणि काकवी घाला. मटण आणि ताटात जमलेला त्याचा रस सोडा. सगळं मिळून अळणी सव्वा लिटर. तुकडे जेमतेम बुडावेत, पोहायला लागले तर रस्सा जास्त झाला. एक उकळी आली की आच अगदी बारीक, खाली तवा, झाकण किंचित कलतं.

पाऊण तासाने वर तेल-चरबीचा तवंग येईल. तो पळीने काढून वाटीत जमा करा. टाकू नका, कटाचं तेल हेच आहे. दर वीस मिनिटांनी लाकडी उलथण्याने तळ खरवडा, रू घातलेला रस्सा तळाला बसतो. तासाभराने तमालपत्र काढा.

दीड तासाने एक तुकडा काढून काट्याने दाबून बघा. इथे लोकांची गफलत होते. तुकडा घट्ट, रबरासारखा आणि हाडाला धरून असेल तर तो कमी शिजलाय, धागे अजून वितळले नाहीत, अजून अर्धा तास द्या. तुकडा सहज तुटतोय पण चावताना भुसभुशीत, कोरडा लागतोय तर तो जास्त शिजलाय किंवा उकळी मोठी होती. पहिल्यावर उपाय वेळ आहे. दुसऱ्यावर उपाय नाही, फक्त गॅस बंद करून तुकडे रश्शातच झाकून तासभर ठेवले तर थोडा रस परत धरतात. बरोबर शिजलेला तुकडा हाडापासून सुटतो पण आकार सोडत नाही, आणि काटा फिरवला की धाग्यांत उलगडतो.

कुकरचा मोह होणारच. मैदा घातलेला दाट रस्सा कुकरमध्ये ठेवला तर तळ हमखास लागतो. कुकर वापरायचाच असेल तर भाजलेलं मटण नुसत्या अळणीत घालून एक शिट्टी झाली की बारीक आचेवर १५ मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जाऊ द्या. मग ते सगळं रू-भाजीच्या पातेल्यात घालून उघड्यावर ४० मिनिटं शिजवा. वेळ निम्म्यावर येतो, चव मंद आचेच्या जवळ जाते पण तिथे पोहोचत नाही.

भेंडी

धुऊन पूर्ण कोरडी करा, दोन सेंटिमीटरचे तुकडे, २ मोठे चमचे तेलात मोठ्या आचेवर दहा मिनिटं. मीठ घालू नका, झाकण ठेवू नका. तार तुटली आणि कडा तपकिरी झाल्या की शेवटच्या वीस मिनिटांसाठी रश्शात सोडा. कच्ची घातली तर रस्सा बुळबुळीत होतो. काही गंबोंत तो गुण मानतात, कारण भेंडीनेच रस्सा दाट करायचा असतो. इथे दाटी रूची आणि जिलेटिनची आहे, भेंडी फक्त चावायला.

चव लावणं

गॅस बंद करायच्या आधी दहा मिनिटं चव घ्या. आधी मीठ, मग व्हिनेगर, मग उरलेली अर्धा चमचा मिरपूड, याच क्रमाने. व्हिनेगर १ मोठा चमचा दोन भागांत घाला. दुसऱ्या भागाची गरज आहे का ते टोमॅटोवर ठरतं. मीठ जरा कमीच ठेवा, कारण मसाल्यातही मीठ असतं. खारट झालंच तर बटाटा टाकून भागत नाही, बटाटा पाण्याबरोबर मीठ शोषतो पण रश्शाचा खारटपणा तेवढाच राहतो. बाजूला ठेवलेली बिनमिठाची अळणी घाला.

रस्सा पळीच्या पाठीला साईसारखा चिकटावा आणि बोट फिरवल्यावर रेघ राहावी. पातळ असेल तर मटण बाजूला काढून नुसता रस्सा आटवा. वरून पाण्यात कालवलेला मैदा घालू नका, कच्च्या पिठाची चव येते.

कट

वाटीतली चरबी ३ मोठे चमचे घ्या, कमी पडली तर तेलाने भर घाला. लहान कढल्यात तापवा, गॅस बंद करा, एक मिनिट थांबा. मग कांदा-लसूण मसाला दीड चमचा आणि ब्याडगी अर्धा चमचा. वीस सेकंद ढवळून लगेच दोन मोठे चमचे रस्सा घाला म्हणजे मसाला पुढे जळणार नाही.

हा मसाला पातेल्यात का नाही? त्यात भाजलेलं खोबरं, तीळ, तळलेला कांदा-लसूण असतो. अडीच तासांत हे सगळं तळाला बसून लागतं, शिवाय रू आणि खोबरं दोन्ही भाजलेल्या चवीचे, एकमेकांत मिसळले की दोघांचीही ओळख पुसते. वर सोडला तर आधी मसाल्याचा वास येतो, मग घासात रूची खोली लागते. ज्याला तिखट हवं त्याने कट जास्त घ्यावा, पातेलं सगळ्यांना सोसेल असं राहतं. मसाल्यात संकेश्वरी मिरची असेल तर कटाला ठसका छान येतो.

सोबत काय

तिकडे पांढरा भात असतो. आजऱ्याचा घनसाळ या रश्शाला फार चांगला, दाणा लहान आणि मऊ असल्याने रस्सा धरून ठेवतो. माणशी ८० ग्रॅम तांदूळ, जुना असेल तर दुप्पट पाणी, नवा असेल तर पावणेदोन पट. मसालेभात किंवा जिऱ्याची फोडणी नको.

त्याहून सुचवावंसं वाटतं ते ज्वारीच्या कण्यांचं. न्यू ऑर्लिन्समध्ये मक्याच्या भरडीची मऊ खीर करून तिच्यावर मांसाचा रस्सा वाढायची जुनी रीत आहे. आपल्या कण्या त्याच कुळातल्या. १ वाटी कण्या दोन तास भिजवा, ४ वाट्या उकळत्या पाण्यात मीठ घालून बारीक आचेवर ३० मिनिटं ढवळत शिजवा, शेवटी लोण्याचा गोळा. खोलगट ताटात कण्या, वर मटण, कडेने कट, कांद्याची पात. भाकरी असली तरी कण्या एकदा करून बघाच.

ताटं गरम पाण्यातून काढून पुसून घ्या. मटणाची चरबी लवकर गोठते, थंड ताटात ती टाळूला चिकटते.

उरलं तर

दुसऱ्या दिवशी हे जास्त चांगलं लागतं, म्हणून पाहुणे असतील तर आदल्या दिवशीच करा. पातेलं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवू नका, आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि खराब होतो. पसरट भांड्यांत काढा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने सहज निघते, कट तेव्हाच करा. तीन दिवसांत संपवा. गरम करताना वाटीभर अळणी किंवा पाणी घालून बारीक आचेवर, झाकण ठेवून, पूर्ण उकळी येईपर्यंत. गार रस्सा जेलीसारखा थरथरला तर मटण आणि वेळ दोन्ही बरोबर होते.